नखरेल समुद्री मासे आणि क्वारंटाइन: आधी ताट, मग औषध

माझा पहिला कॉपरबँड बटरफ्लाय अकराव्या दिवशी गेला. अंगावर एक ठिपका नव्हता, डोळे स्वच्छ, कल्ले लालबुंद. क्वारंटाइन टाकीत, म्हणजे मुख्य टाकीत सोडण्याआधी नवा मासा वेगळा ठेवतात तिथं, दुसऱ्या दिवसापासून कॉपर (तांब्याचं औषध) चालू होतं, रोजचं मोजमाप वहीत लिहिलेलं, अमोनिया शून्य. बाहेर काढून तळहातावर घेतला तेव्हा दिसलं, पोट पाठीला लागलं होतं. व्हाइट स्पॉटपासून (अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी) वाचवायच्या नादात मी त्याला उपाशी मारलं होतं.

क्वारंटाइनचे जे नियम सगळीकडे सांगितले जातात ते क्लाऊन, डॅमसेल, टँग अशा खादाड माशांना धरून बेतलेले असतात. ते मासे पिशवीतून उतरल्यावर तासाभरात खायला मागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी औषध सुरू केलं तरी निभावतं. कॉपरबँड, मँडरिन, अँथियास, लेपर्ड रॅस यांना हेच वेळापत्रक लावलं की हमखास नुकसान होतं. यांच्यासाठी क्रम उलटा लावायचा: मासा ताटावर बसला की मगच औषधाची बाटली उघडायची. याला एकच अपवाद आहे, वेल्वेट, झपाट्यानं मारणारा दुसरा परजीवी. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

घ्यायचे कोणते, सोडायचे कोणते

मूरिश आयडल घेऊ नका. समुद्रात त्याच्या खाण्याचा मोठा भाग स्पंज असतो आणि घरच्या टाकीत फार थोडे जण तो वर्षभर टिकवू शकतात. ऑर्नेट आणि मेयर्स बटरफ्लाय तर फक्त जिवंत प्रवाळ कुरतडून जगतात, तिथं कोणतीच युक्ती चालत नाही. समुद्रघोडा आणि पाइपफिश दुकानात दिसले तरी हात लावू नका. २००१ मध्ये ही सगळी जमात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये घातली गेली. समुद्रातून काढलेल्या प्रवाळाचंही तेच, म्हणून दुकानदार सजावटीसाठी मेलेलं कोरल देऊ करतो तेही घेऊ नका.

उरलेल्यांत अँथियास सगळ्यांत सोपा. खातो लगेच, पण दिवसातून चार ते सहा वेळा थोडं थोडं लागतं. कॉपरबँड लांब चोचीचा, फटीतलं टोचून खाणारा. लेपर्ड रॅस रात्री वाळूत पुरून झोपतो. मँडरिन दिवसभर दगडावरचे कोपीपॉड (डोळ्याला जेमतेम दिसणारे कवचधारी जीव) टिपत फिरतो, दोन वेळा जेवण ही कल्पनाच त्याला माहीत नाही. प्रत्येकाचा स्वभाव निराळा, त्यामुळे यांना एकाच टाकीत एकत्र क्वारंटाइन करू नका. अँथियास शेजारी असला तर कॉपरबँडच्या चोचीपर्यंत काही पोचतच नाही.

मागवण्याआधी

मी मासे दिवाळीनंतर ते जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंतच मागवतो. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या पार असतो. थर्माकोलची पेटी बसच्या डिकीत दहा तास तापली की आत काय होतं ते एकदा पाहिलं आहे, पुन्हा पाहायचं नाही. थंडीतही रात्री पारा उतरतो, पण पेटी नीट बांधली तर तेवढी थंडी मासा सोसतो.

आपल्याकडे मरीन मासे बहुतेक मुंबईहून येतात, क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या दुकानांतून किंवा थेट आयात करणाऱ्यांकडून. रात्रीच्या बसनं निघालेलं पार्सल पहाटे जुन्या पुणे नाक्यावर उतरतं. कुणी ओळखीचं सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं येणार असेल तर त्याच्या हाती पेटी देणं उत्तम, निदान ती सरळ तरी राहते.

पैसे पाठवण्याआधी दुकानदाराला चार गोष्टी विचारा. मासा त्याच्याकडे किती दिवस आहे? आल्याला आठवडा झाला नसेल तर आगाऊ रक्कम द्या आणि आठवडाभर तिथंच ठेवायला सांगा. खातो काय? 'सगळं खातो' हे उत्तर धरू नका, खातानाचा व्हिडिओ मागा, आणि घास तोंडात जाऊन पुन्हा बाहेर थुंकला जात नाही ना ते पाहा. टाकीत कॉपर आहे का? आणि पाण्याची क्षारता किती? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, पण तो सगळ्यांत महत्त्वाचा. मीठ वाचावं आणि परजीवी दबून राहावेत म्हणून बरेच दुकानदार विशिष्ट गुरुत्व १.०२५ ऐवजी १.०१८ ते १.०२० वर मासे ठेवतात. आकडा कळला की आपली क्वारंटाइन टाकी बरोबर त्याच आकड्यावर तयार ठेवायची.

व्हिडिओत डोक्यामागचा, डोळ्यांच्या वरचा भाग पाहा. तिथं खळगा पडला असेल तर मासा कित्येक दिवसांचा उपाशी आहे, पोट भरलेलं दिसलं तरीही. असा मासा निम्म्या किमतीत मिळाला तरी सोडा.

पाणी

आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, आणि बोअरचं पाणी जड. त्यामुळे पाण्याचा साठा आधी आणि मासा नंतर. ६० लिटरच्या टाकीसाठी किमान १५० लिटर आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेलं) पाणी झाकणाच्या पिंपात तयार हवं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. आरओचं वाया जाणारं पाणी भांडी आणि अंगण धुवायला वापरा, नाहीतर घरात मासे राहतील आणि तुम्ही बाहेर व्हाल.

एक सावधगिरी. घरच्या पिण्याच्या आरओमध्ये हल्ली 'तांब्याचं पाणी' देणारी कांडी बसवलेली असते. ते पाणी मरीन टाकीत अजिबात नको. माशाला कदाचित काही होणार नाही, पण कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ आणि कोपीपॉड यांना तांबं विषच.

मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम घातलं की १.०२५ च्या आसपास येतं. दुकानदाराचा आकडा १.०१९ असेल तर त्या मानानं कमी घाला. मिसळलेलं पाणी एक दिवस पॉवरहेडनं (पाण्याचा झोत सोडणारा छोटा पंप) फिरू द्या, मग रिफ्रॅक्टोमीटरनं मोजा.

टाकी

६० ते १०० लिटर, काचेचा उघडा तळ. कॉपरबँडला तीन फूट लांबी असावी, दोन फुटांत तो काचेला चोच घासत फेऱ्या मारतो आणि खाणं विसरतो. लपायला प्लंबिंगच्या दुकानातले पीव्हीसीचे एल्बो आणि टी. नवे घ्या, सोल्यूशन लावलेले नकोत. तीन बाजू बाहेरून झाकून टाका. मी जुनी सोलापुरी चादर दुमडून बांधतो. घरात जाड कापड तेवढंच मुबलक, आणि माणसांची ये-जा दिसली नाही की मासा दोन दिवस लवकर सावरतो. दिवा मंद. वर जाळी, कारण रॅस उडी मारतात.

गाळणीला स्पंज फिल्टर पुरतो, पण तो सहा आठवडे आधीपासून मुख्य टाकीच्या संपमध्ये (गाळणीची जोडटाकी) पडलेला हवा. तेवढ्यात त्याच्यावर जिवाणू बसतात आणि क्वारंटाइन पहिल्या दिवसापासून अमोनिया पचवू लागतं. हे काम मासा ठरवल्यावर आठवत असेल तर उशीर झाला आहे. एक स्पंज कायमचा संपमध्ये टाकूनच ठेवा.

उन्हाळ्यात पाणी २६ अंशांवर ठेवायला क्लिपचा छोटा पंखा पृष्ठभागावर सोडा. आपली हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवन भराभर होतं आणि दोन-तीन अंश सहज उतरतात. तेवढंच पाणी आटतं आणि क्षारता वर चढते, म्हणून काचेवर मार्करनं रेघ मारून ठेवा आणि रोज साधं आरओ पाणी रेघेपर्यंत भरा. पावसाळ्यात हा पंखा निम्माही चालत नाही. हिवाळ्यात हीटर लागतो. वळवाच्या पावसात वीज गेली की यूएसबीवर चालणारा एअर पंप आणि भरलेली पॉवर बँक कामाला येते. गरम पाण्यात मुळातच प्राणवायू कमी, तिथं तासभर हवा बंद म्हणजे धोका.

क्वारंटाइन टाकी मुख्य टाकीच्या खोलीत ठेवू नका. वेल्वेटचे पोहणारे बीजाणू पाण्याच्या तुषारांबरोबर हवेतून सुमारे ३ मीटरपर्यंत गेल्याचं प्रयोगात दिसलं आहे. बादली, नळी, टॉवेल, सगळं वेगळं. मी क्वारंटाइनच्या प्रत्येक वस्तूला लाल दोरा बांधतो, म्हणजे घरातला दुसरा कुणी मदतीला आला तरी चूक होत नाही.

पिशवी उघडताना

इथं जुनी सवय मोडायला हवी. दोन-दोन तास थेंब थेंब पाणी सोडत बसणं रात्रभर प्रवास केलेल्या माशाला मारक ठरतं. बंद पिशवीत माशाच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली येतो, आणि त्या आम्ल पाण्यात अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. मासा त्यातच बसून असतो.

म्हणून पिशवी बंद ठेवूनच २० मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग उघडून क्षारता मोजा. टाकीशी जुळली की लगेच मासा हलवा, पिशवीचं पाणी मोरीत. मँडरिनला जाळी लावू नका, त्याच्या गालावरचा काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा बुडवून त्यात मासा घ्यायचा. कॉपरबँडच्या चोचीसाठीही डबाच बरा.

क्षारता वाढवायची असेल तर पुढच्या दिवसांत, रोज ०.००१ ते ०.००२ एवढीच.

त्या दिवशी दिवा लावायचा नाही, औषध नाही, पाहुण्यांना दाखवणं नाही.

पहिले दोन आठवडे: ताट

सगळ्यांत आधी घरात आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातली इवलीशी कोळंबी) उबवायला शिका. हे जमलं नाही तर या माशांच्या वाटेला जाऊ नका, इतकं ते मुळाशी आहे. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली बूड कापून उलटी टांगा, लिटरला २५-३० ग्रॅम मीठ, तळापर्यंत हवेची नळी, वर दिवा. अर्धा चमचा अंडी. २६-२८ अंशांत २४ ते ३६ तासांत पिल्लं निघतात. हवा बंद करून दिवा खाली नेला की टरफलं वर तरंगतात, पिल्लं खाली उजेडाकडे जमतात, तिथून नळीनं ओढून बारीक कापडात गाळा आणि गोड्या पाण्यानं धुवा. पिल्लांच्या अंगातली पिवळी शिदोरी आठ-दहा तासांत संपत जाते, म्हणून ताजी असतानाच घाला. मोठी करायची असतील तर दुसऱ्या दिवसापासून सेल्कॉनसारखं पोषक तेल पाण्यात घालून त्यांना आधी खाऊ घाला. रोज एक बाटली लावायची, म्हणजे रोज एक बाटली निघते, इडलीच्या पिठासारखं.

माझी आई हे सगळं बघून म्हणाली, "अरे, बाळंतिणीचं करावं तसं करतोयस माशाचं." तिचं म्हणणं मला पटलं. थोडं, ताजं, वेळेवर, आणि आवाज न करता. दुपारी मी कामावर असतो तेव्हा दोनदा तीच घालते, छोट्या वाट्यांत मी मापून ठेवलेलं.

कॉपरबँडला पहिल्या दिवशी जिवंत आर्टेमिया, मोठे झालेले. हलतं म्हणून तो निदान चोच मारतो. दुसऱ्या दिवशी उघडलेली तिसरी, म्हणजे खायची शिंपली. सोलापुरात तिसऱ्या रोज मिळत नाहीत, बाजारात उजनीचे मासेच जास्त. समुद्राची मासळी बर्फातून आणणाऱ्याला सांगून ठेवलं तर आठवड्यातून एकदा मिळतात. आणल्यावर फ्रीझरमध्ये ठेवा, दोन-तीन आठवडे गोठल्यावर बरेच परजीवी मरतात. वापरताना एक शिंपली उघडून, अर्ध्या कवचासकट, पीव्हीसीच्या तोंडाशी टेकवून ठेवा. मऊ मांसाच्या कडा पाण्यात हलतात आणि कॉपरबँडला ओळखीचं काहीतरी दिसतं. तिसरी खाऊ लागला की पुढच्या वेळी त्याच रिकाम्या कवचात थोडं मांस आणि थोडा फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव) लिंपा. मग मांस कमी, मायसिस जास्त. सहा-सात दिवसांत कवचाशिवायही मायसिस घेतो.

कवच नसेल तर पीव्हीसीच्या एंड कॅपला ड्रिलनं पाच मिलिमीटरची पंधरा-वीस भोकं पाडा, आतून मायसिसचा लगदा दाबा आणि तळाशी ठेवा. चोच भोकात घालून खायला मिळालं की हा मासा खूश. माझा दुसरा कॉपरबँड या टोपणावरच जगला, आणि तिसऱ्या आठवड्यात तर मी टाकीजवळ आलो की आधी टोपणाकडे पळायचा.

मँडरिनचं गणित वेगळं. उघड्या तळाच्या, निर्जंतुक टाकीत मँडरिन ठेवणं म्हणजे रिकाम्या पंगतीत बसवणं. त्याच्यासाठी मी एका बादलीत दोन-तीन दगड वेगळे ठेवतो. त्यात मासा कधीच नाही, हवेची नळी चालू, आठवड्याला थोडं फायटोप्लँक्टन (सूक्ष्म शेवाळ), आणि टिस्बे जातीचे कोपीपॉड सोडलेले. अडीच महिने, नेमकं म्हणाल तर ७६ दिवस, मासा नसलेल्या पाण्यात व्हाइट स्पॉट उरत नाही, त्यामुळे हे दगड निर्धास्त वापरता येतात. मासा आला की दगड क्वारंटाइनमध्ये. त्यावरचे पॉड दोन-चार दिवसांत फस्त होतात, पण तेवढ्यात मासा सावरतो.

मग शिकवणी. मासा जाळीच्या छोट्या ब्रीडर बॉक्समध्ये ठेवून दिवसातून चार वेळा आर्टेमियाची पिल्लं सोडायची. बॉक्समध्ये अन्न वाहून जात नाही, माशाला शोधावं लागत नाही. पाच-सहा दिवसांनी पिल्लांबरोबर बारीक फ्रोझन, सायक्लॉप्स किंवा चुरलेला मायसिस, मिसळायचा. काही मँडरिन चार दिवसांत शिकतात, काही महिनाभर नाक मुरडतात. तोल सांभाळायचा तो असा: रोज वरून पाहायचं, डोक्याच्या मागे अंग रुंद आहे की चिमटलेलं. चिमटलं असेल तर शिकवणी थांबवून जिवंत अन्न दुप्पट.

अँथियास आणि लेपर्ड रॅसबद्दल फार लिहायचं नाही. अँथियासला मायसिस आणि ब्राइन श्रिंप (मोठा झालेला आर्टेमिया), दिवसातून चार ते सहा वेळा चिमूटभर, पाण्याच्या मधल्या थरात. तळाशी पडलेलं तो उचलत नाही. लेपर्ड रॅससाठी आइस्क्रीमच्या मोठ्या डब्यात सात-आठ सेंटिमीटर बारीक सिलिका वाळू द्या. कोरल वाळू देऊ नका, ती पुढे कॉपर शोषते. आल्याआल्या तो वाळूत शिरेल आणि दोन-तीन दिवस दिसणारच नाही. उकरून पाहू नका. मेला असता तर वास आणि अमोनिया दोन्ही कळले असते.

सगळ्यांसाठी एक नियम: खाऊन झाल्यावर अर्ध्या तासात उरलेलं नळीनं काढा. अशा खाण्यानं पाणी झपाट्यानं बिघडतं. रोज अमोनिया तपासा, ०.२५ दिसला की २५-३० टक्के पाणी बदला. मी तर पहिले दोन आठवडे दिवसाआड बदलतोच.

पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा दिसली तर घाबरू नका. आतडं रिकामं असतानाही तशी येते. पाच-सहा दिवस नीट खाल्ल्यावरही तशीच राहिली तर आतल्या जंतांचा विचार करा.

औषध कधी आणि कोणतं

माझी कसोटी सोपी: सलग चार दिवस मासा मेलेलं अन्न, माझ्यासमोर, दिवसातून तीन वेळा खातो. ती पार पडली की औषध. एका वेळी एकच, कारण प्रत्येक औषधानं भूक थोडी मरते आणि दोन एकत्र दिली तर कशानं मासा अडला तेच कळत नाही.

कॉपरबँडवर फ्लूक (कातडी-कल्ल्यांना चिकटणारे चपटे जंत) हमखास असतात, म्हणून त्याला पहिलं प्राझिक्वांटेल हे जंतांचं औषध. लिटरला २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० लिटरला १५० मिलिग्रॅम. पाण्यात सहजी विरघळत नाही, आधी कोमट पाण्याच्या बाटलीत भरपूर हलवा. स्कीमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि कार्बन (औषध शोषणारा कोळसा) बंद, हवा दुप्पट, कारण हे पडल्यावर जिवाणू वाढून पाणी धुरकट होतं आणि प्राणवायू ओढतं. अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून पाच ते सात दिवसांनी पाणी बदलून दुसरा डोस.

व्हाइट स्पॉटसाठी दोन रस्ते आहेत. आधी थोडं जंतूबद्दल, नाहीतर वेळापत्रक का पाळायचं ते पटत नाही. व्हाइट स्पॉटचा हा जंतू, क्रिप्टोकॅरिऑन, माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस राहतो, मग गळून पडतो आणि काच, पाइप, वाळू मिळेल तिथं कवच करून बसतो. त्या कवचातून कधी तीन-चार दिवसांत, कधी कित्येक आठवड्यांनी शेकडो पिल्लं सुटतात आणि नवा मासा शोधतात. कातडीतल्याला कॉपर काही करत नाही, कवचातल्यालाही नाही. मरतात ती फक्त पोहणारी पिल्लं. म्हणून ठिपके गेल्यावर औषध बंद करणारा पुढच्या महिन्यात पुन्हा रडतो.

पहिला रस्ता टाक्या बदलण्याचा. मासा दर ७२ तासांनी नव्या, कोरड्या केलेल्या, ताज्या पाण्याच्या टाकीत हलवायचा, असं चार वेळा, एकूण १२ दिवस. गळलेले जंतू मागच्या टाकीत राहतात आणि पिल्लं सुटायच्या आत मासा निघून गेलेला असतो. दोन छोट्या टाक्या पुरतात: एक चालू, एक धुऊन उन्हात. औषध नाही, भूक मरत नाही, म्हणून मँडरिन आणि कॉपरबँडसाठी मी हाच निवडतो. पाणी मात्र खूप जातं, ४० लिटरच्या पाच फेऱ्या म्हणजे २०० लिटर, आणि आपल्याकडे ते आधीच भरून ठेवावं लागतं. हलवताना डबा, तापमान आणि क्षारता तंतोतंत. वेल्वेट आणि फ्लूक यानं जात नाहीत, हे लक्षात ठेवा.

दुसरा रस्ता कॉपर. नाजूक माशांसाठी चिलेटेड कॉपर बरं, ते पाण्यात स्थिर राहतं. पातळी २.० ते २.५ मिलिग्रॅम प्रति लिटर, तिथं पाच-सहा दिवसांत हळूहळू चढायचं, आणि पातळी गाठल्यापासून ३० दिवस. हॅनाचा हाय रेंज डिजिटल चेकर असेल तर उत्तम, रंगाच्या पट्ट्यांवर भरवसा नको.

ते मिळालं नाही तर साधं कॉपर सल्फेट, म्हणजे आपलं मोरचूद. डाळिंबवाले बोर्डो मिश्रणात वापरतात तेच, पण शेतीच्या दुकानातलं घेऊ नका, त्यात काय भेसळ असेल सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या प्रतीचं घ्या. त्यात तांबं वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून किंचित जास्त. १ ग्रॅम १ लिटर आरओ पाण्यात विरघळवा, म्हणजे दर मिलिलिटरमध्ये साधारण ०.२५ मिलिग्रॅम तांबं. याची पातळी वेगळी, फक्त ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम प्रति लिटर. ६० लिटर पाण्याला एकूण ४७ मिलिलिटर, तेही रोज आठ-आठ करत सहा दिवसांत. सकाळ-संध्याकाळ मोजायचं, कारण ते गळून खाली बसतं. दोन प्रकारांचे आकडे एकमेकांत मिसळले तर मासा दहापट डोसनं मरेल, म्हणून बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा.

कॉपर चालू असताना अमोनिया बांधणारं कोणतंही कंडिशनर घालू नका, दोन्ही मिळून पाणी विषारी होतं. अमोनिया चढला तर पाणी बदलणं हाच उपाय, आणि नव्या पाण्यात आधी तेवढंच कॉपर. मासा चढत्या डोसात खाणं सोडू लागला तर आहे त्या पातळीवर दोन दिवस थांबा. अजिबात खात नसेल तर पाणी बदलून खाली या आणि पुन्हा ताटावर बसवा. ३० दिवस पहिल्यापासून मोजावे लागतील. मोजा.

मँडरिनला मी कॉपर देत नाही. त्याच्या जाड बुळबुळीत थरामुळे व्हाइट स्पॉट त्याला कमी धरतो, पण धरतच नाही असं नाही. त्याला दीड-दोन महिने खाऊ घालून शेवटी टाक्या बदलायच्या, मग मुख्य टाकी.

वेल्वेट: इथं क्रम मोडायचा

व्हाइट स्पॉटचे ठिपके रव्यासारखे, मोजता येतात. वेल्वेट म्हणजे अंगावर ज्वारीचं पीठ उडाल्यासारखी बारीक पिवळसर धूळ, बाजूनं टॉर्च मारली की दिसते. पण धूळ दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो, कारण हा आधी कल्ल्यांत बसतो. कल्ल्यांची उघडझाप मिनिटाला शंभरावर गेली, मासा पॉवरहेडच्या झोतात तोंड करून थांबला, उजेड टाळू लागला आणि कालपर्यंत खाणारा आज खाईना, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी कॉपर, तेही सहा दिवसांऐवजी दोन दिवसांत पातळीला. उपाशी मासा आठवडाभर तगेल, वेल्वेटचा मासा दोन-तीन दिवसांत जातो.

आधी आराम म्हणून गोड्या पाण्याची बुडी देता येते: आरओ पाणी, तापमान टाकीइतकं, खाण्याच्या सोड्यानं पीएच टाकीइतका, हवेची नळी चालू, तीन ते पाच मिनिटं. मासा आडवा पडला तर लगेच बाहेर. याच बुडीत फ्लूकही पांढरे होऊन गळताना दिसतात, म्हणून खाली काळी प्लेट ठेवा.

मुख्य टाकीत

औषध संपल्यावर कार्बन लावून दोन आठवडे नुसतं पाहायचं. या दोन आठवड्यांत क्षारता मुख्य टाकीच्या आकड्यावर आणा आणि जेवणाच्या वेळाही तिथल्याच ठेवा.

हलवताना मुख्य टाकीत आधी जाळीचा किंवा भोकं पाडलेल्या अॅक्रिलिकचा डबा टांगा आणि नवा मासा त्यात तीन-चार दिवस ठेवा. जुने मासे येऊन फुरफुरतात, कंटाळतात आणि जातात. डब्यात नव्याला त्याचं ताट स्वतंत्र मिळतं. कॉपरबँडचं भोकांचं टोपण मी मुख्य टाकीतही नेतो. टँगना ते काय आहे ते कळेपर्यंत त्याचं जेवण होऊन जातं. मँडरिन सोडायचा तर टाकीचे दिवे बंद झाल्यावर, दगडांच्या पायथ्याशी.

मग क्वारंटाइन रिकामं करा. पाइप, एल्बो, डबे, टाकी ब्लीच घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवून धुवा आणि गच्चीवर दोन दिवस वाळवा. आपलं ऊन एवढ्या कामाला भरवशाचं. कॉपर लागलेला स्पंज पुन्हा मुख्य टाकीच्या संपमध्ये टाकू नका, लाल दोरा असलेली कोणतीच वस्तू तिकडे जायला नको. नव्या स्पंजाची पाकिटं मी दोन आणून ठेवली आहेत, त्यातला एक आजच संपमध्ये टाकला.